वाढती मागणी आणि भाव : किल्ट वस्त्राचा धडा

मागणी वाढली की भाव चढतो, हे सूत्र पेढीवरील उमेदवारासही मुखोद्गत असते. परंतु चढलेला भाव कोणत्या मालाचा टिकतो आणि कोणत्या मालाचा उतरतो, याचा विचार क्वचितच होतो. आपल्याच धान्याचे उदाहरण घेतल्यास विचारात स्वार्थ शिरतो. म्हणून आम्ही स्कॉटलंडमधील ‘किल्ट’ या वस्त्राचे उदाहरण घेत आहोत.

किल्ट म्हणजे पुरुषांनी कमरेस गुंडाळावयाचे, मागे चुण्या घातलेले, गुडघ्यापर्यंतचे चौकड्यांचे लोकरी वस्त्र. उत्तम किल्टास सुमारे ८ वार कापड लागते. १७४५ च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने, सैनिक वगळून, डोंगरी मुलखातील पुरुषांस हा पोशाख मना केला. ही बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. स्वागताची योजना सर वॉल्टर स्कॉट यांनी आखली होती व राजाने स्वतः हा वेष धारण केला. मग तो प्रतिष्ठितांनाही हवासा झाला. बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कारखान्यास वाढत्या मागणीसाठी माग वाढवावे लागले.

यातील मर्म असे. धान्याची तूट पुढील सुगीस भरून निघते. कापडाची तूट नवे माग भरून काढतात. परंतु चौकडीशी चौकडी जुळवून हाताने चुण्या शिवणारा कारागीर वर्षांच्या अभ्यासाने तयार होतो. म्हणून आज विवाहसमारंभांत, तसेच अमेरिका व कॅनडातील स्कॉटिश वंशजांत मागणी असता, हातशिलाईच्या लोकरी किल्टास कित्येक शेकडे पौंड पडतात. उलट कृत्रिम धाग्याचा, यंत्रावर शिवलेला किल्ट मागणी वाढूनही स्वस्तच मिळतो. कारण तो हवा तितका निघतो. शिवाय अनेक वर किल्ट भाड्याने घेतात, त्यामुळे एकच वस्त्र अनेकांची गरज भागविते.

तात्पर्य, भाव चढताच व्यापाऱ्याने प्रथम विचारावे : तूट मालाची आहे, काळाची आहे, की कुशल हातांची? मालाची असल्यास भाव लवकर उतरेल. अशा वेळी साठा करणाराच अडकतो. हातांची असल्यास भाव टिकेल.

आणि येथेच मोहाचे स्थान आहे. दोन्ही वस्त्रांचे नाव एकच. तेव्हा यंत्राचा माल हातशिलाईच्या भावाने खपविणे सोपे. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, तो हाच. चांगल्या गव्हात हलका गहू मिसळून चांगल्याचा भाव घेणाराही त्याच दोषास पात्र होतो. तेजीत मालाचे खरे नाव सांगून विकणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक मंदीतही वळते, हे व्यापारी बंधूंनी ध्यानी ठेवावे.