उसाचं पातं, डोळ्याची बाहुली आणि अठरा तास



दहावीला मानवी डोळा शिकवताना आपण फळ्यावर आकृती काढतो. सगळ्यात पुढे एक फुगीर रेघ, तिला बाण, बाणापुढे 'पारपटल', आणि लगेच परितारिका, नेत्रभिंग असं पुढे सरकतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. आज त्या एका रेघेपाशी जरा थांबू या. आपल्या वर्गातल्या मुलांना मोतीबिंदू क्वचितच होतो, पण या रेघेवर ओरखडा कुणालाही आणि कधीही पडू शकतो.

आमची शाळा ऊसपट्ट्यात आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन तोडीच्या दिवसांत, शनिवारच्या सकाळच्या शाळेला आठवीतला एक मुलगा एक डोळा मिटूनच आला. आदल्या संध्याकाळी उसाचं पातं लागलं होतं. डोळा लाल, पाणी वाहतंय. मी त्याला गार पाण्याने डोळा धुवायला लावला, मागच्या बाकावर बसवलं आणि "सोमवारपर्यंत राहिलं नाही तर डॉक्टरांना दाखव" असं सांगितलं. रविवारी घरी आजीने तूप घातलं. सोमवारी तो शाळेत आलाच नाही, कारण बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला होता. 'सोमवारपर्यंत' हा माझा शब्द मला पुढे फार दिवस टोचत राहिला. त्यातूनच मी याविषयी वाचायला लागलो आणि हा पाठ तयार झाला.

आधी शरीररचना, थोडक्यात. पारपटल म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. ती मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. पण मज्जातंतू मात्र खच्चून भरलेले, म्हणून तर साधा धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो. सगळ्यात वरचा थर फक्त काही पेशींचा, पण तो पहारेकऱ्यासारखा आहे. तो शाबूत असेल तर बहुतेक जंतू आत शिरूच शकत नाहीत. पापणी मिटते, अश्रू धुवून काढतात, आणि काम भागतं. हा थर खरवडला गेला की त्याला म्हणायचं ओरखडा. लहान ओरखडा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो, हे शरीराचं मोठंच कौतुक आहे. पण भरून येण्याआधी जर तिथे जीवाणू किंवा बुरशी रुजली, तर खालचा थर कुजायला लागतो. त्याला डॉक्टर अल्सर म्हणतात. अल्सर बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहू शकतो. आपल्याकडे जुनी माणसं 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, ते हेच. डाग कडेला असेल तर निभावतं, पण बाहुलीच्या बरोबर समोर असेल तर त्या डोळ्याची नजर गेली.

शेतातली इजा विशेष वाईट का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उसाचं पातं, भाताचं तूस, गव्हाचं कुसळ, बाभळीचा काटा, या सगळ्यांवर मातीतली बुरशी असते. फ्युसॅरियम आणि ॲस्परजिलस ही त्यातली दोन नावं. पातं नुसतं कापत नाही, ते बी पेरूनच जातं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका लेखाचा अंदाज असा होता, की डोळ्याची इजा आणि अल्सर यांमुळे जगात दरवर्षी १५ ते २० लाख लोकांचा एक डोळा जातो. त्यातले बहुतेक शेतात राबणारे गरीब लोक.

आता मुख्य गोष्ट. काठमांडूजवळ भक्तपूर आहे. तिथे सुमारे ३५ हजार लोकवस्तीवर ८१ प्राथमिक नेत्रसेवकांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. डोळ्याला काहीही लागलं की केंद्रावर या, असं लोकांना सांगितलं होतं. ज्यांच्या बुबुळावर ओरखडा होता, जे ४८ तासांच्या आत आले आणि ज्यांना अजून संसर्ग झालेला नव्हता, अशांना क्लोरॅमफेनिकॉलचं साधं, स्वस्त मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. बस्स, एवढाच उपचार. याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर तसेच लिहितो. एकूण ४४२ रुग्ण. १८ तासांच्या आत आलेले २८४, त्यांपैकी अल्सर झाले शून्य. १८ ते २४ तासांत आलेले १०९, त्यांपैकी अल्सर ४. २४ ते ४८ तासांत आलेले ४९, त्यांपैकी अल्सर १४. मुलांना शेकडेवारी काढायला सांगा. शून्य, मग साधारण ३.७ टक्के, मग एकदम २८.६ टक्के. वर्ग गप्प होतो. माझ्याही मनात तेव्हा हिशेब झालाच, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे किती तास?

इथे पाठ संपवला तर तो फार छान संपतो. 'वेळेत मलम, डोळा वाचला.' मी पहिल्या वर्षी तिथेच संपवला होता. दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, ज्यांना मलम दिलंच नाही, त्यांचं काय झालं?"

खरं सांगतो, मला उत्तर पटकन देता आलं नाही. कारण भक्तपूरमध्ये तसा गटच नव्हता. सगळ्यांनाच मलम मिळालं होतं. मग १८ तासांत आलेले २८४ जण मलमामुळे वाचले, की तसेही वाचलेच असते? लहान ओरखडा आपोआप भरतो हे आपणच आधी शिकवलेलं असतं. आणि आणखी एक मेख आहे. जो माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा येतो, तो का येतो? कधी केंद्र लांब असतं, कधी पीक टाकून निघता येत नाही. पण बऱ्याचदा तो येतो कारण डोळा बरा होत नाहीये, दुखणं वाढतंय. म्हणजे उशिरा येणाऱ्यांत मुळातच बिघडलेले डोळे जास्त असू शकतात. २८.६ टक्के हा आकडा खोटा नाही, पण त्याच्या मागचं कारण एकच आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. हा मुद्दा मुलांना समजला तर विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम समजला, असं माझं मत आहे.

पुढचा अभ्यास आपल्या देशातला, मदुराई जिल्ह्यातला. भीती अशी होती की क्लोरॅमफेनिकॉल जीवाणूंना मारतं, बुरशीला नाही. आणि तमिळनाडूच्या शेतात बुरशीचे अल्सर भरपूर. म्हणून ३७४ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला क्लोरॅमफेनिकॉलसोबत बुरशीनाशक मलम, दुसऱ्याला क्लोरॅमफेनिकॉलसोबत दिसायला तसंच पण औषध नसलेलं मलम. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना देणाऱ्याला. २००६ साली निष्कर्ष आले, दोन्ही गटांत जवळजवळ सगळे बरे. बुरशीनाशकाने वेगळा फरक पडला नाही. पण त्या मुलीचा प्रश्न इथेही तसाच उरतो, कारण काहीच न मिळालेला गट इथेही नव्हता.

त्याचं उत्तर पुन्हा नेपाळमध्येच शोधलं गेलं, आणि या वेळी मोठ्या प्रमाणावर. २४ ग्रामविकास समित्या निवडल्या. १२ ठिकाणी गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना (आपल्या आशाताईंसारख्याच) शिकवलं, की डोळ्यात रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात ओरखडा कसा ओळखायचा आणि मलम कसं द्यायचं. हा रंग ओरखड्यात भरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. उरलेल्या १२ ठिकाणी असं काही नाही, नेहमीची व्यवस्था. तीन वर्षं. स्वयंसेविकांनी हजारो ओरखड्यांवर उपचार केले. मग दोन्हीकडचे अल्सर मोजले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की दोन्हीकडे दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण १.२ अल्सर. फरक नाही.

वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे पडतात. "म्हणजे मलम फुकट?" तसं नाही, आणि इथे आपण शिक्षकांनी सांभाळून बोलायला हवं. गावभर असा कार्यक्रम राबवून अल्सरची एकूण संख्या घटली नाही, एवढंच त्या अभ्यासाने दाखवलं. तुमच्या मुलाच्या डोळ्यावर ओरखडा असताना डॉक्टरांनी मलम दिलं तर ते घालायचंच. डॉक्टर ओरखड्याला आजही प्रतिजैविक देतात. आणि अल्सर एकदा झाला की तो जितका लवकर पकडला जाईल तितका डाग लहान, याविषयी तर डॉक्टरांत दुमतच नाही. मलमाचा हिशेब बदलला, पण 'सोमवारपर्यंत थांब' हे उत्तर कुठल्याच अभ्यासाने बरोबर ठरवलेलं नाही.

जाता जाता, तुलना केल्यावर अंदाज कसे उलटतात याचं आणखी एक उदाहरण. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत बुरशीच्या अल्सरच्या ३२३ रुग्णांवर दोन औषधांची तुलना झाली. एक जुनं नाटामायसिन, दुसरं नवं व्होरिकोनाझोल. २०१३ साली निकाल आला, जुनंच सरस. विशेषतः फ्युसॅरियमच्या अल्सरमध्ये.

आता पालकांसाठी घरचं. डोळा चोळू द्यायचा नाही. धूळ-माती गेली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. काही रुतलेलं दिसत असेल तर रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढायला जाऊ नका. तूप, मध, दूध, कसलाही रस घालू नका. आजीचा हेतू चांगला असतो, पण तूप निर्जंतुक नसतं. मेडिकलवाल्याने दिलेले 'लाल डोळ्याचे थेंब' तर मुळीच नकोत, कारण त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते घातल्यावर लाली आणि दुखणं कमी होतं, घरचे निर्धास्त होतात, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. मागे कुणाला तरी दिलेली अर्धी बाटली कपाटात असेल तर टाकून द्या. डोळा उघडवत नसेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल, बुबुळावर पांढरं दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. चुन्याची गोष्ट वेगळी आहे. चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेली तर आधी तिथल्या तिथे नळाखाली भरपूर वेळ धुवायचं, मग दवाखाना.

त्या मुलाचा अल्सर औषधांनी बरा झाला. डाग राहिला, पण बाहुलीच्या कडेला, त्यामुळे वाचण्यापुरतं त्या डोळ्याने दिसतं. यंदा तो दहावीत आहे. फळ्यावर पारपटल काढलं तेव्हा त्याने स्वतःहून हात वर केला आणि वर्गाला आपला डोळा दाखवला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

हा पाठ मी आठवीला दोन तासांत घेतो. पहिल्या तासाला आकृती आणि भक्तपूरची शेकडेवारी, तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला एकच प्रश्न फळ्यावर लिहायचा, 'मलम न मिळालेल्यांचं काय झालं?' आणि दहा मिनिटं मुलांनाच बोलू द्यायचं. गणिताच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. कुणी घेऊन बघितलात तर तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते नक्की कळवा.