ब्लॉक : परदेशी निघालेल्यांसाठी

काळाचौकीच्या चाळीत, सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाचे संडास यांच्या सोबतीने ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या लेखी ब्लॉक म्हणजे न्हाणीघर व संडास आत असलेले स्वतंत्र बिऱ्हाड. गिरणीच्या पगारातून पै पै साठवून कित्येक कुटुंबांनी ज्याची आस आयुष्यभर बाळगली, ते हे सुख. (रविवारी हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असला म्हणजे कॉटन ग्रीनला गाडीची वाट पाहणे व्यर्थ, हा अर्थ निराळा.) परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या सूचना संकलित करताना याच शब्दाला अग्रस्थान दिले आहे, कारण अपरिचित शब्दाचा अर्थ मनुष्य विचारतो, परिचिताचा विचारीत नाही.

अमेरिकेत ब्लॉक हे अंतराचे माप आहे : एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्ता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, १८११ च्या आराखड्यानुसार आखलेल्या भागात, उत्तर-दक्षिण चालताना सुमारे वीस ब्लॉकांचा एक मैल भरतो. परंतु पूर्व-पश्चिम ब्लॉक बहुधा त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही लांब असल्यामुळे, घर स्टेशनपासून चार ब्लॉकांवर आहे एवढ्या आश्वासनावर समाधान न मानता, ते कोणत्या दिशेने, हे अवश्य विचारावे. जानेवारीच्या बर्फात कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या गृहिणीस हा भेद फार जाणवतो.

सिंगापुरात ब्लॉक म्हणजे सबंध इमारत. तेथील सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत प्रत्येक इमारतीस ब्लॉक क्रमांक असतो, आणि त्यापुढे ०५-१२ असे लिहिलेले असल्यास पाचव्या मजल्यावरील बारा क्रमांकाचे घर समजावे. मात्र तेथे तळमजलाच पहिला गणला जात असल्याने आपल्या हिशेबी हा पाचवा मजला चौथा ठरतो. कुवेतमध्ये याउलट एका ब्लॉकात अनेक रस्ते सामावलेले असतात. तेथे टॅक्सीवाल्यास वस्ती, ब्लॉक, रस्ता व इमारत, असा सर्व तपशील सांगावा लागतो. ऑस्ट्रेलियात घराच्या जाहिरातीतील ब्लॉक म्हणजे जमिनीचा तुकडा, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ हे घराचे क्षेत्रफळ समजू नये.

अर्जावर ब्लॉक लेटर्स मागितली असल्यास नाव सुट्या, मोठ्या लिपीत लिहावे.

भाडेकरारावर सही करण्यापूर्वी पत्त्यातील प्रत्येक घटकाची घरमालकाकडून खातरजमा करून घ्यावी, आणि मजल्याच्या तेथील गणतीसह तो संपूर्ण पत्ता काळाचौकीच्या घरी कळवावा. आईवडील प्रथमच भेटीस निघतील, तेव्हा तो पत्ता लिहिलेला कागद त्यांच्या पासपोर्टसोबत असलाच पाहिजे.