श्वानांतील भयविकार व आपली औषधालये

दीपावलीचे फटाके सुरू झाले की औषधालयांत एक वेगळी विचारणा होऊ लागते. "वैद्यराज, कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही, थरथरतो, लाळ गाळतो. शांत झोप लागेल असे काही द्या." आयुर्वेदीय औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत येथेही आड येते आणि काही विक्रेते सारस्वतारिष्टाची बाटली सहज पुढे करतात. म्हणून हा विषय व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, सामान्यतः ५ ते १० टक्के. ५ किलो वजनाच्या श्वानास १५ मिली पाजणे म्हणजे, वजनाच्या प्रमाणात पाहता, ६० किलोच्या माणसाने एका वेळी १८० मिली घेणे होय. मद्यार्काने श्वानाचा तोल जातो, वांती होते, शरीर थंड पडते, रक्तशर्करा उतरू शकते. तो निपचित पडला की मालकास मात्र गुण आला असे वाटते.

लहान मुलांना चालते ते श्वानासही चालेल, हा युक्तिवाद तर अधिकच घातक. अरविंदासव बालकांचे औषध खरे, पण त्यात द्राक्षा आहे, च्यवनप्राशातही आहे. द्राक्षे व मनुका यांनी श्वानाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती मनुकांनी होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ‘थोडेसे’ हे प्रमाण येथे लागू नाही. निद्रेसाठी जायफळ देऊ नये. कुचलायुक्त कल्प, उदाहरणार्थ विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, वातशामक म्हणूनही देऊ नयेत. कुचल्याच्या विषबाधेत आवाजानेच आक्षेप उठतात, आणि येथे तर बाहेर फटाके वाजत असतात! ‘शुगरफ्री’ सिरपात झायलिटॉल असल्यास श्वानाची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, शालिहोत्राची अश्वचिकित्सा ही आपली परंपरा अभिमानास्पद आहेच. परंतु हत्ती-घोड्यांच्या मात्रांवरून श्वानाची मात्रा काढता येत नाही. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. बी.ए.एम.एस. पदवीने तो मिळत नाही.

मग मालकास रिकाम्या हाती पाठवावे काय? आमच्या मते त्याला वेळेवर पाठवावे, हे महत्त्वाचे. पशुवैद्यक ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे योजतात. ती भय चढण्यापूर्वी, साधारण एक-दोन तास आधी, द्यावी लागतात आणि सणापूर्वी शांत दिवशी एकदा मात्रा पारखून घेणे इष्ट असते. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून विचारणा नवरात्रात झाली तर उपयोग. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फार उशीर झालेला असतो. घरातील माणसांच्या झोपेच्या गोळ्या मोडून देण्यास स्पष्ट नकार द्यावा. श्वानास आधीपासून अश्वगंधा, जटामांसी वा सर्पगंधा दिली जात असल्यास ते पशुवैद्यकास सांगण्याची आठवण करावी. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो.

वृद्ध श्वान अचानक घाबरू लागला तर सांधेदुखी किंवा अन्य वेदना कारण असू शकते. त्याची तपासणी आधी व्हावी. बाकी अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणणे, आतील खोलीत पडदे ओढून पंखा अथवा रेडिओ लावणे, लपण्याची जागा मोकळी ठेवणे, जवळ आल्यास कुरवाळणे आणि दाराशी साखळी तपासणे, एवढे विक्रेत्यानेही सांगावे.