पहिले तिले इचार

खान्देशात घोडा बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात: केवढ्याला पडला आणि वरातीला देता का? अंगाला हात लावू देतो का, हे कोणी विचारत नाही. माझी नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी लावू देत नव्हती. आता देते, पण तिच्या अटींवर. त्या अटी मला कळेपर्यंत गावातली पोरंटोरं लग्न होऊन बाप झाली.

१. खरारा म्हणजे सेवा, असं मी धरून चाललो होतो. घोडीला ती पोलिसी झडती वाटत होती. घोड्याला अंगावर बसलेली माशी कळते आणि तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो. अशा अंगावर आपण पत्र्याचा दातेरी खरारा फिरवतो, तोही जोर लावून, कारण जोर लावल्याशिवाय आपल्याला काम केल्यासारखं वाटत नाही. त्यात नुकऱ्याची कातडी गुलाबी, धुळ्या-जळगावच्या उन्हात नाकाडाजवळ भाजून निघते. आता पत्र्याचा खरारा वाळलेल्या चिखलापुरता आणि मांसल भागापुरताच; तोंडाला, पायांना ओला फडका. हा शोध माझा नव्हे. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की घोड्याचं डोकं हाडांचं असतं, ते पाण्याने धुवा, लोखंड-लाकूड लावाल तर त्याला दुखेल.

२. लाथ हा तिचा पहिला शब्द कधीच नसतो. आधी कान मागे जातात, नाकपुडीच्या वर सुरकुती पडते, ओठ आवळले जातात, शेपूट एकदा झटकली जाते. एवढं सगळं सांगून झाल्यावर लाथ येते आणि आपण म्हणतो, ‘अचानक मारली.’ आमच्या घरच्यांचं मत असं की मला माणसांचे चेहरेही वाचता येत नाहीत, तिथे घोडीने कसली अपेक्षा ठेवावी!

३. ज्याला सगळे ‘खोड’ म्हणत होते ते पोटाचं दुखणं निघालं. खोगिराचा तंग आवळायला घेतला की ती मान वळवून दात दाखवायची. ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगे, दोन फटके द्या. पण घोड्याच्या जठरात आम्ल सतत झरत असतं, पोटात चारा असो वा नसो. रानातला घोडा दिवसाचे बरेच तास थोडं थोडं चरत असतो. वरातीचा घोडा मात्र डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास उपाशी उभा राहतो आणि घरी आल्यावर चंदीची पाटी एकदम पुढ्यात येते. त्यातून जठराला व्रण पडू शकतात. मग तंग आवळला काय नि बरगडीखाली ब्रश लागला काय, ठणका तोच. ही माझ्याकडे येण्याआधी कैक नवरदेव मिरवून आली होती. पशुवैद्यकाने औषध दिलं आणि कोरडी वैरण सतत पुढ्यात ठेवायला सांगितली. हळूहळू दात दिसायचे थांबले. वरात मी बंद केली, यावर भाऊबंद अजून नाराज आहेत. दर वेळी पोटच असतं असं नाही. उवा असतात, गोचीड असतात, खोगीर घासून झालेली जुनी जखम असते. सगळं बोटांनी चाचपून पाहावं लागतं.

४. पौषातल्या कोरड्या थंडीत नायलॉनचा ब्रश ठिणगी मारतो. आपण स्वेटर काढताना ओरडतो, तिने मात्र गप्प उभं राहायचं. ब्रशऐवजी थोडा ओला फडका फिरवला की काम भागतं.

५. तोंडावरून हात फिरवणं ही ओळख करून घेण्याची रीत सिनेमातली. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही, तिकडून आलेला हात त्याला अर्ध्या वाटेतच दिसेनासा होतो. घोडे एकमेकांना खाजवतात ते आयाळ संपते तिथे, दोन खांद्यांच्या मधे. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. माझ्या घोडीचा वरचा ओठ तेव्हा सोंडेसारखा पुढे येतो, हलायला लागतो आणि ती अगदी बावळट दिसते. ही जागा मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या एका आबांनी दाखवली. म्हणाले, “पहिले तिले इचार, मंग हात लाव.” विचारायचं म्हणजे थोडं खाजवायचं, हात काढून घ्यायचा आणि गप्प थांबायचं. अंग आपल्याकडे ढकललं तर होकार, पाय मागे सरला तर नकार. नकार मिळाला तर त्या दिवशी आपण चहा प्यायचा.

६. सगळ्याच घोड्यांना लाड आवडत नाहीत. हिला कानांना हात चालत नाही. बहुधा कधीतरी कोणीतरी कान पिळून धरला असावा. खूर उचलून देते, जखम धुऊ देते, सुई टोचू देते, एवढं मला पुरे. बायकोच्या मते हा समजूतदारपणा मी जरा उशिरा आणि भलत्याच घरी दाखवला.

यंदा दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडं घ्यायला जाणार असाल तर चाल बघा, टोकाला टोक भिडणारे कान बघा, देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा बघा. त्यानंतर विकणाऱ्याला खोगीर उतरवायला सांगा, लगाम सैल सोडायला सांगा आणि तंगाच्या जागी स्वतःचा हात फिरवा. आणि आजवर निमूट खरारा करू देणारं घरचं जनावर एकाएकी बिथरायला लागलं, तर खोड मोडणारा शोधू नका, आधी पशुवैद्यकाला फोन करा.