वापरसुलभता आणि भाषा : ‘अक्षर’ म्हणजे नेमके काय?

उद्दिष्ट

या पाठाच्या अभ्यासानंतर, संगणकीय साधन वापरसुलभ करण्यात भाषेच्या जाणकाराचा वाटा कोणता असतो, हे आपल्याला उदाहरणासह स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वसई तालुक्यातील कळंब या किनाऱ्यावरील गावाचे नाव मोबाइलवर रोमन अक्षरांतून लिहून पाहा. ‘ळ’पाशी अडचण येते, कारण रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना वेगवेगळी अक्षरे नाहीत. ‘कलंब’ असे उमटले, की दोष लिहिणाऱ्याच्या माथी येतो. वास्तविक ‘ळ’ त्याला ठाऊक असतो; साधनाने त्या ज्ञानाला वाट दिलेली नसते. वापरणाऱ्याजवळ आधीपासून असलेल्या ज्ञानाचा उपयोग करून घेणे, हे वापरसुलभतेचे पहिले लक्षण होय.

उदाहरण : स्वरचक्र

आयआयटी मुंबईमधील आयडीसी ही रचनाशिक्षणाची संस्था १९६९ मध्ये सुरू झाली. तेथील प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलसाठीचा कळफलक विकसित केला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. ‘क’वर बोट ठेवले, की त्याभोवती का, कि, की, कु अशा रूपांचे चक्र उघडते, बोट सरकवून हवे ते रूप निवडायचे. ‘क्’ निवडल्यास त्यापुढील संभाव्य जोडाक्षरे कळांवरच दिसू लागतात. प्राथमिक शाळेत गिरवलेली बाराखडी येथे पुन्हा कामी येते. नवे काही पाठ करावे लागत नाही.

संघातील परिभाषा

असे साधन एकट्याचे काम नसते. मात्र संघातील सर्वजण एकच शब्द वापरत असले, तरी त्यांचा अर्थ एक असतोच असे नाही. ‘क्षि’ हे उदाहरण घ्या. वाचकाच्या दृष्टीने ते १ अक्षर आहे. टंकाची रचना करणाऱ्याला त्यात २ आकृती दिसतात : ‘क्ष’ आणि वेलांटी. भाषावैज्ञानिकाला क्, ष्, इ हे ३ ध्वनी ऐकू येतात. प्रणाली लिहिणाऱ्यापुढे युनिकोडचे ४ संकेत असतात : क, हलन्त, ष आणि वेलांटी.

आता खोडण्याची कळ दाबल्यावर ‘एक अक्षर’ पुसायचे, म्हणजे काय पुसायचे? केवळ वेलांटी, की संपूर्ण ‘क्षि’? वेलांटी चुकलेल्याला पहिला पर्याय सोयीचा. अक्षरच चुकलेल्याला दुसरा. हा निर्णय संघातील ज्येष्ठाच्या मतावर सोडू नये. प्रथम संज्ञांचे अर्थ लेखी निश्चित करावेत. नंतर कच्चा नमुना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन, मध्ये न बोलता, त्यांचे निरीक्षण करावे.

सारांश

वापरणाऱ्याच्या भाषिक ज्ञानाचा आदर आणि संघातील परिभाषेची एकवाक्यता या दोन गोष्टींवर वापरसुलभता अवलंबून असते. दोन्ही ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाची गरज आहे.

स्वयंअध्ययन

१. ‘क्षि’च्या धर्तीवर ‘स्त्री’ या शब्दातील ध्वनी आणि युनिकोडचे संकेत मोजा.

२. घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला मोबाइलवर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहिण्यास सांगा. मदत करू नका. ती व्यक्ती कोठे थांबते, काय खोडते आणि कोणता शब्द सोडून देते, याची नोंद करा. अडथळा व्यक्तीच्या ज्ञानात आहे की साधनाच्या रचनेत, हे दहा ओळींत लिहा.