लॉगबुक जरा बाजूला ठेव

अगं, पोस्टिंगची यादी लागली आणि तुला कॅज्युअल्टीऐवजी डिमेन्शियाचं केअर होम आलं, म्हणून तोंड पाडून बसलीयस म्हणे. ‘तिथं काय शिकायचं ताई, डायपर बदलायचे आणि वरणभात भरवायचा’ असं म्हणालीस, हेही कळलं. नाशिक एवढंसं गाव आहे, कळतंच. रागावत नाही. पण निघण्याआधी चार गोष्टी ऐकून जा.

आधी तुझ्या कामाचं बोलते. संध्याकाळी कॉलेज रोडला जर्मनच्या क्लासला जातेस ना? 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तुमच्या वर्गात निम्म्या मुली त्याच तयारीत आहेत. त्या देशात 2020 पासून नर्सिंगचं शिक्षण बदललंय. दवाखान्याची नर्स आणि वृद्धांची नर्स असे वेगळे अभ्यासक्रम एकत्र केले. प्रत्येक विद्यार्थ्याला वृद्धांच्या निवासात 400 तास काम करावंच लागतं, आणि रुग्णालयातलेही तास तितकेच, 400. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत वृद्धाश्रमाची ‘भेट’ असते. बस करून जायचं, भजन ऐकायचं, बिस्किटं वाटायची, ग्रुप फोटो काढायचा. 21 सप्टेंबरला अल्झायमर दिनाची पोस्टर स्पर्धा झाली की वर्षाचं कर्तव्य संपलं. तुला सलग दिवस मिळालेत, ही चैन आहे.

आणि परदेशी नाही गेलीस तरी हे पेशंट तुला चुकणार नाहीत. 2023 मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरात सातांहून जास्त माणसांना डिमेन्शिया आहे. एकूण सुमारे 88 लाख. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे उद्या ऑर्थोच्या वॉर्डात खुबा मोडून आलेली निफाडची आजी रात्रभर सलाईन उपटत बसली, तर ती ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ नसेल, तिला डिमेन्शिया असू शकेल. ते ओळखायला तुला पुस्तक पुरणार नाही. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, दिंडोरी रोडला आहे म्हणून ते डोक्यात आपोआप शिरत नाही गं.

आता तिथं काय होईल ते सांगते. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एखादे आजोबा असतीलच. दुपारभर शांत बसतील. उन्हं उतरली की उठतील, चपला शोधतील, दार हलवतील. ड्यूटीला उशीर होतोय. तू म्हणशील, ‘आजोबा, तुम्ही रिटायर झालात, बसा.’ झालं भांडण सुरू. वर्षानुवर्षांची शिस्त आहे त्या पायांत, तुझ्या एका वाक्यानं ती थांबत नाही. त्यांच्यासोबत व्हरांड्यात चाल. कोणती पाळी, मशीनवर कोण होतं, डब्यात काय असायचं, विचार. दोन फेऱ्या झाल्या की म्हण, ‘निघण्याआधी चहा घेऊ या का?’ बहुतेक वेळा चहापाशी ड्यूटी विसरते. नाही विसरली तर अजून दोन फेऱ्या. संध्याकाळी असं बिथरणं या आजारात नेहमीचं आहे.

याहून अवघड प्रश्न आजीचा. ‘माझी आई कुठंय?’ मागच्या एका बॅचच्या मुलीनं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘आजी, तुमची आई कधीच वारली.’ आजीनं हंबरडा फोडला. तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा नव्यानं रडणं. एकाच बाईला एका दिवसात तीनदा आई गेल्याची बातमी द्यायची? ‘आई येतेय’ असं खोटंही बोलू नकोस. ‘आईची आठवण येतेय का? कशी होती आई? पुरणपोळी कशी करायची?’ एवढं पुरतं. त्या प्रश्नात बहुतेकदा भीती असते, कधी भूक, कधी लघवीला जायचं असतं. ते शोधणं हे तुझं काम.

भरवणं सोपं वाटतं ना? पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढ आणि बघ, आजी चाचपडत बसतील. नजर आणि मेंदू यांचा मेळ तुटला की भात दिसतच नाही. स्टीलच्या ताटलीत पिवळं वरण कालवून दे. आजींना ताठ बसव, तू उभी राहू नकोस, समोर स्टुलावर बस. छोटा चमचा. गळ्याची हालचाल बघ, घास उतरला की मगच दुसरा. ठसका लागला, आवाज ओलसर घोगरा झाला, की थांब आणि इनचार्ज सिस्टरना सांग. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या पेशंटना नेतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. घाईच्या वॉर्डात हे कुणी तुला शिकवणार नाही, कारण तिथं एका आजीपाशी पाऊण तास बसायला कुणाला वेळच नसतो.

अजून एक, आणि हे परीक्षेतही विचारतात. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. काल बोलणारी आजी आज एकदम गुंगीत किंवा एकदम पिसाळलेली दिसली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नकोस. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, चार दिवस शौचाला न होणं, कुठंतरी ठणका, नवीन गोळी, काहीही असू शकतं. बोलून दाखवता येत नाही म्हणून वागण्यातून बाहेर येतं. आणि ते बरं करता येतं.

तिथल्या मावशींशी गोड राहा. कुणाला आंघोळीला आधी पायावर पाणी घालायचं, कुणाच्या अंगावर टॉवेल ठेवूनच कपडे उतरवायचे, कोण डाव्या कुशीवर झोपत नाही, हे त्यांना माहीत असतं. फाईलमध्ये नसतं. त्यांना पगार किती मिळतो हे विचारलंस तर मात्र तुला वाईट वाटेल. त्यांच्यावरून आठवलं, ‘अस्तु’ सिनेमा बघितलास का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, त्यात हत्तीमागं निघून जाणारे विस्मरणग्रस्त पंडित झालेत. पण मला त्यात माहुताची बायको पाहायची असते. तिला रोगाचं नावही ठाऊक नाही आणि ती त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. त्या कामासाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जायच्या आदल्या रात्री बघ.

फोन मात्र लॉकरमध्ये. आजीसोबत रील नको. ती संमती देऊ शकत नाही, आणि तिचा मुलगा देत असला तरी नको.

आणि हो, पहिल्या डायपरला मळमळेल, एखाद्या आजीत आपली आजी दिसून बाथरूममध्ये रडशील. दोन्ही चालतं. तोंड धुऊन परत ये.

तुमच्या मॅडम रोज नवा पेशंट देतील, म्हणजे लॉगबुकात केसेस भरतात. मला ती पद्धत मुळीच पटत नाही. रोज बेड बदलला तर बीपी मोजण्यापलीकडे काही हाती लागत नाही. तू उद्याच जाऊन सांग, मला पूर्ण पोस्टिंगभर एकच आजी द्या. नाही म्हणाल्या तर परवा पुन्हा विचार. ताईनं शिकवलं असं मात्र सांगू नकोस, मला त्यांच्याबरोबर काम करायचंय.