म्हशीच्या शिंगाला चष्मा

शाळेचे वाचनालय सांभाळणाऱ्या शिक्षकाला पुस्तकांपेक्षा देवघेवीची नोंदवही अधिक शिकविते, असा माझा अनुभव आहे. गेली काही वर्षे या वहीत मला एक चमत्कार दिसतो. नववी-दहावीचे विद्यार्थी विनोदी बालकवितांची सचित्र पुस्तके घरी नेतात आणि नावापुढे हळूच लिहितात, ‘धाकट्या बहिणीसाठी’. एका विद्यार्थ्याने एकाच सत्रात अशी चार पुस्तके नेली. त्याला बहीण नाही, हे मला ठाऊक होते. मी त्याला काही विचारले नाही. पुस्तक परत आले तेव्हा त्याची पाने मात्र उलटून पाहिली. ते चांगले दोन-तीनदा वाचलेले दिसत होते.

विद्यार्थी मित्रहो, ही लाज कशाची? पाटी-पेन्सिल मागे पडली तशी बालकविताही मागे पडली पाहिजे, आणि मिसरूड फुटलेल्या मुलाने हत्ती-उंदरांच्या चित्रांकडे पाहून हसणे बरे नव्हे, अशी एक समजूत आपल्यात आहे. ही समजूत चुकीची आहे, इतकेच सांगून मी थांबणार नाही; चांगली विनोदी बालकविता म्हातारपणापर्यंत का पुरते, हे तुमच्याबरोबर थोडे तपासून पाहणार आहे.

प्रथम लिहिणाराकडे पाहू. ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’, ‘धृपद’ हे गंभीर काव्यसंग्रह लिहिणारे, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारे आणि ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ अर्वाचीन मराठीत उतरविणारे कवी विंदा करंदीकर (१९१८–२०१०) तुम्हांला ठाऊक आहेत. त्यांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. आपल्या भागाशीही त्यांचा धागा आहे. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला होता. याच कवीने १९६१ साली ‘राणीची बाग’ हा बालकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे तीसएक वर्षे तो मुलांसाठी लिहीत राहिला. ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ ही नुसती नावे वाचली तरी ओठांचे कोपरे हलतात. तत्त्वचिंतनातून सवड काढून केलेली ही करमणूक होती, असे मला वाटत नाही. ‘हे जग असेच का? वेगळे का नाही?’ हा तत्त्वज्ञाचा प्रश्न मुलेही विचारतात. फक्त ती उत्तराची वाट पाहत बसत नाहीत, एटू लोकांच्या देशात निघून जातात.

छापील पुस्तके येण्यापूर्वीही ही गंमत आपल्या घरांत होतीच. पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावणारे गाणे कोणी म्हटले नाही? पाऊस येतो, आणि दिलेला पैसा निघतो खोटा! तीन वर्षांच्या मुलाला त्यात यमक आणि चिखल दिसतो. तेच गाणे नातवाला शिकविणाऱ्या शेतकरी आजोबांच्या मनात काय येत असेल? ज्या पावसाने आयुष्यभर आपल्याला फसविले, त्याला एकदा तरी आपण फसविले, हे समाधान काही लहानसहान नव्हे. बोल एकच, हसू मात्र दोन तऱ्हांचे.

आपल्या सीमाभागातील माणसाला जुन्या संतवाङ्मयातील आणखी एक रचना विशेष भावेल. कानडी बायकोने मराठी नवरा केला, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना, असा तिचा विषय. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या आठवडी बाजारात उभे राहिले की असा संवाद रोज ऐकू येतो. मराठी, कानडी, उर्दू आणि थोडीशी तेलुगू ज्याच्या कानावर पाळण्यापासून पडते, त्याला एक गोष्ट फार लवकर उमगते: शब्द आणि वस्तू यांची गाठ देवाने बांधलेली नाही, ती सुटते, आणि सुटली की हसू येते. कानडीत जी. पी. राजरत्नम् यांची रंगीत तुतारीची बालकविता घरोघर माहीत आहे. तोऱ्यात मिरविणाऱ्या पोराची तुतारी शेवटी तळ्यात पडते, एवढीच कथा. पण आमच्या वर्गातील मराठी मुले ती शेजारच्या मुलांकडून शिकून आली आहेत, आणि तिच्यासाठी कोणालाही भाषांतर लागले नाही.

मराठीत मुलांसाठी मासिके निघाली ती फार पूर्वी. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’. त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्या जुन्या काळातील पुष्कळशा बालकविता मुलाला शहाणे करण्याच्या घाईत असत, हेही सांगितले पाहिजे. निव्वळ वेडेपणाला मान मिळायला वेळ लागला.

इंग्रजीत हा मान एका चित्रकाराने मिळवून दिला. एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) हा पोपटांची हुबेहूब चित्रे काढणारा कलावंत. एका उमरावाच्या खाजगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढण्याच्या कामी तो त्यांच्या वाड्यात राहिला, आणि तेथील मुलांना हसविण्यासाठी त्याने चुटके रचून त्यांना रेघोट्यांची चित्रे जोडली. १८४६ साली ती पुस्तकरूपाने निघाली. ज्याच्या दाढीत पक्ष्यांनी घरटी केली तो म्हातारा त्याच पुस्तकातला. पक्ष्याचे पीस न् पीस अचूक काढू शकणारा हात येथे मुद्दाम पोरासारखा चालला आहे, हे मोठ्या माणसाला कळते; मुलाला ते कळण्याची गरजच नाही. हा लिअर १८७३ साली हिंदुस्थानात आला होता आणि येथे वर्षभराहून अधिक काळ चित्रे काढीत हिंडला. येथील शब्द कानांवर पडताच त्याने एक गमतीची कविता केली. तीत धोबी ही बसण्याची वस्तू आहे आणि कमरबंद हा माणूस गिळणारा राक्षस! आमच्या बाजारातील पोरेही परभाषेतील शब्दांचे असेच करतात, फक्त त्यांचे कोणी छापीत नाही.

दुसरे नाव बंगालच्या सुकुमार राय यांचे. ‘आबोल ताबोल’ या त्यांच्या पुस्तकातील कविताही त्यांच्या आणि चित्रेही त्यांचीच. एका कवितेत त्यांनी दोन-दोन प्राणी एकमेकांना चिकटविले आहेत. बक म्हणजे बगळा आणि कच्छप म्हणजे कासव. दोन्ही मिळून झाला ‘बकच्छप’. हा कोणता संधी, असे संस्कृतच्या गुरुजींना विचारू नका. पण चित्र पाहिले की चित्रकाराने केलेला संधी पटतो: मान कोठे संपते आणि पाठीची ढाल कोठे सुरू होते, ते त्याने नीट ठरविले आहे. हे पुस्तक १९ सप्टेंबर १९२३ रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी नऊच दिवस, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, काळ्या आजाराने सुकुमार राय गेले होते. अंथरुणाला खिळलेला माणूस छपाईसाठी ही चित्रे आणि कविता सिद्ध करीत होता, हे ठाऊक झाल्यापासून त्या पुस्तकातील हसणे मला निराळे ऐकू येते. मुलाला हे सांगू नये. तुम्ही आता मोठे झाला आहात, म्हणून सांगितले.

आता माझ्या नववीच्या वर्गातील एक प्रयोग. एकदा तासाच्या शेवटी दहा मिनिटे उरली, म्हणून मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

म्हैस निघाली बाजाराला,
चष्मा हवाच ना शिंगाला!

वर्ग हसला. मी म्हटले, आता शहाणपणा करू. आणि ‘शिंगाला’ पुसून ‘डोळ्याला’ लिहिले. मात्रा तितक्याच, यमकही कायम. पण हसू निम्मे झाले. मग पुन्हा ‘शिंगाला’ लिहून ‘चष्मा’ या शब्दानंतर ‘नवा’ घातला. अर्थ होता तसा वेडाच राहिला, पण सोळा मात्रांच्या एकोणीस झाल्या, ओळ लंगडली, आणि कोणीही हसेना. पादाकुलकाचे लक्षण पाठ करूनही जे कळले नव्हते ते त्या दिवशी मुलांना कळले. वेड्या कवितेला छंदात सवलत नसते. शहाण्या कवितेत एखादी मात्रा चुकली तर अर्थ तिला सावरून घेतो. येथे सावरायला अर्थ नाहीच, म्हणून चालणे अचूक हवे. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीला वेडेवाकडे पाऊल टाकता येते काय?

प्रयोग तेथेच संपला असता; पण एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर ती म्हैस काढली. काढता काढता ती अडली आणि मला विचारू लागली, ‘गुरुजी, चष्म्याची एक काच एका शिंगाला आणि दुसरी दुसऱ्याला, की दोन्ही एकाच शिंगाला? आणि काड्या कशावर अडकवायच्या? शिंगांना कान कोठे असतात?’ कवीने जे प्रश्न यमकाच्या आडून चुकविले होते, ते चित्रकाराला सोडवावे लागतात. शब्द म्हणतात, ‘असे झाले’. चित्र विचारते, ‘कसे झाले ते दाखवा.’ विनोदी बालकवितेचे चित्र ही नुसती शोभा नव्हे. ते कवितेचे बोलणे अक्षरशः खरे धरते, आणि खरे धरल्यामुळेच दुप्पट हसविते. म्हणून चित्रे गाळून छापलेली अशी कविता मला फोडणीवाचून वरणासारखी लागते.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट केली, जी फळ्यावरील ओळींत नव्हती. तिने चष्म्याचा दुकानदार काढला. तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने फितीने शिंगांचे माप घेत आहे आणि दुसऱ्या हाताने पावती फाडीत आहे. वर्गातील मुले म्हशीला हसली. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दुकानदाराला हसलो. गरज असो वा नसो, गिऱ्हाइकाला माल विकणारा असा चेहरा आम्हां सर्वांना कोठे ना कोठे भेटलेला होता. तिला हे ठाऊक होते की नाही, मला सांगता येत नाही. चित्राला मात्र ठाऊक होते.

येथे माझ्या घरची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील निजामी अमदानीत शिकले. घरची भाषा मराठी, शाळेची उर्दू. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली आपले जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. वडिलांच्या डोळ्यांची सवय मात्र उजवीकडून डावीकडे जाण्याचीच राहिली. इस्माईल मेरठी यांच्या उर्दू बालकविता त्यांना मुखोद्गत होत्या, पण मराठी वर्तमानपत्र वाचताना ते अडखळत आणि आम्ही जवळ असलो की ते घडी करून ठेवीत. आईला तर अक्षरओळखच नव्हती. मी पाचवीत असताना ‘राणीची बाग’ हे पुस्तक घरी आणले. एका रात्री वडिलांनी ते कंदिलाजवळ ओढून मोठ्याने वाचावयास घेतले. पहिली ओळ बोटाने चाचपीत वाचली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबले, आणि शब्द लागण्यापूर्वीच तो त्यांच्या तोंडून बाहेर पडला. यमकाने तो सांगितला होता! त्या रात्री ते पुष्कळ वाचत गेले. छंद पुढे आणि ते मागे. आई चित्रांवरून वाचीत होती, आणि कविता संपण्यापूर्वी हसत होती, म्हणून आम्ही तिच्यावर रागावत होतो. आमच्या घरात तिघा पिढ्यांनी मिळून वाचलेले ते पहिले मराठी पुस्तक. आजी झोपली आहे असे आम्ही समजत होतो. अंधारातून तीही मध्येच ‘पुन्हा म्हण’ म्हणाली.

या आठवणीमुळेच पालकसभेच्या दिवशी त्या मुलीचे म्हशीचे चित्र मी वाचनालयाच्या दाराला लावले. पुष्कळ पालक थांबून हसून गेले. एक वयस्क शेतकरी मात्र हसले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते बराच वेळ चित्र न्याहाळीत होते. काही चुकले की काय, म्हणून मी जवळ गेलो.

‘‘गुरुजी,’’ ते म्हणाले, ‘‘ही म्हैस मुऱ्हा हाय. हिची शिंगं जिलबीवाणी वळलेली, चष्मा टिकायचा कुठं? पंढरपुरी काढाया पाहिजे होती.’’

मी हा निरोप पोचविला. दुसऱ्या दिवशी नवे चित्र दारावर लागले. पंढरपुरी म्हशीची लांबलचक शिंगे आता कागदाच्या दोन्ही कडांना टेकली आहेत, आणि दुकानदाराने माप घेण्यासाठी फितीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नोकर ठेवला आहे.